नखाखालचा टिपका

मिरची कुजली की आमच्याकडं नजर लागली म्हणतात. मग रानाच्या कडेला काळं मडकं उलटं टांगतात, नाहीतर लिंबू आणि मिरच्या दोऱ्यात ओवून बांधतात. मिरचीला नजर लागू नये म्हणून मिरचीच बांधायची, हे खूळ मीही केलंय, खोटं कशाला सांगू. पण आता माझ्यासमोर कुणी नजरेचं काढलं, तर मी म्हणतो, नजर लागत नाही बाबा, लाळ लागते. लोक एकमेकांकडं बघतात. बायको गेल्यापासून म्हाताऱ्याचा एक स्क्रू ढिला झालाय, असं त्यांना वाटतं. वाटू दे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण लाळेची गोष्ट मी माझ्या डोळ्यानं बघितलेली आहे, आणि ती बघायला मला का जावं लागलं, ते लिहितो.

आमचं रान गडहिंग्लजच्या पूर्वेला, काळं, ओल धरणारं. तिथं मिरची पावसावर यायची. बायको सीमेपलीकडची, माहेर सगळं कानडी. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या अव्वानं, म्हणजे आईनं, लुगड्याच्या फाटक्या काठात मूठभर मिरचीचं बी बांधून दिलं होतं. बाकी भांडीकुंडी आमच्या बहिणींनी मोजून घेतली, त्या गाठोड्याकडं कुणी बघितलं नाही. त्या बियाची मिरची लांब, अंगभर सुरकुत्या, रंग असा की वाळल्यावरसुद्धा फिका पडत नाही. कांडायला घेतली की तीन घरं पलीकडचा माणूस शिंकायचा आणि तिथूनच शिव्या द्यायचा. दरवर्षी तीच मिरची, तेच बी. दुकानात बियाची चकचकीत पाकिटं आली, गावानं ती घेतली, आमच्या घरात ती कधी आली नाहीत.

बी धरायचं काम तिचं. दुसऱ्या तोड्याची मिरची खळ्यावर पडली की ती एक बुट्टी घेऊन बसायची. एकेक मिरची उचलायची, फिरवायची, काही ढिगात टाकायची, काही बुट्टीत. बुट्टीतली मिरची बियाची. आणि मी डोकावलं की त्या बुट्टीत हमखास टिपक्याची मिरची दिसायची. लख्ख तांबड्या अंगावर तपकिरी टिपका. मी म्हणायचो, "अगं, बियाला डागाळलेली धरतीस?"

ती वर न बघता म्हणायची, "सुम्न कुंड्री." म्हणजे गप बसा. मराठी तिला चांगलं यायला लागलं होतं, पण हे दोन शब्द तिनं माझ्यासाठी कानडीतच राखून ठेवले होते.

मी गप बसलो आणि माझ्या मनानं अर्थ लावून मोकळा झालो. म्हटलं, बाई काटकसरी आहे. चांगला माल बाजाराला, डागाळलेला घरात. पारावर बसून मी हे हसत सांगायचो, "आमच्या मंडळी सोनं बाजाराला धाडत्यात आन बियाला पितळ ठेवत्यात." लोक हसायचे. ती सगळी वर्षं मी त्या हशावर खूश होतो.

तिच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम पिवळट-तांबडं असायचं. सणासुदीलाही निघायचं नाही. त्याचा अर्थ मी कधी लावलाच नाही. मिरचीत हात घालणाऱ्या बाईचं नख तांबडंच असणार, त्यात काय विचारायचं?

दोन हजार साल उजाडायला अजून थोडा अवकाश होता, तेव्हा ती आजारी पडली. दसरा झाला आणि तिच्या पोटात पाणी व्हायला लागलं. कोल्हापूरच्या दवाखान्यात दोनदा नेलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हाच मला कळलं. घरी आणली. मधल्या खोलीत खिडकीशी खाट टाकली, कारण तिथून खळं दिसतं.

त्या साली बी मी धरलं. बुट्टी घेऊन तिच्याच जागेवर बसलो. डागाळलेल्या मिरच्या वेचून बुट्टीत टाकायला लागलो. आणि माझं डोकं तिच्या पुढं एक पाऊल गेलं. म्हटलं, डाग आहे तर तेवढा कापून टाकू, उरलेलं फळ तर चांगलं आहे. पानाच्या डब्यातला अडकित्ता आणला आणि एकेका मिरचीचा डाग सुपारीसारखा कातरून टाकायला लागलो.

सून दारात येऊन उभी राहिली. ती हातकणंगल्याची, तिकडं ऊस. मिरची तिनं आमच्याकडं आल्यावर पहिल्यांदा शेतात बघितली. म्हणाली, "मामा, त्या मऊ हायत्या. आत्याबाई तसल्या..."

मी म्हटलं, "तू गप. हातकणंगल्याच्या पोरीनं मला मिरची शिकवू ने."

ती आत गेली. 

थोड्या वेळानं खाटेवरून आवाज आला. आवाज म्हणजे काय, वाराच. "अवो, बियाचं बगितलंसा न्हवं?"

"व्हय," मी ओरडून सांगितलं, "सगळं बगितलंय. तू नीज."

ती माझ्यापासून दहा हातांवर होती. खिडकी उघडी होती. मी उठून विचारलं असतं, की डागाळलेलीच का धरतीस, तर तिनं सांगितलं असतं. तेव्हा तिच्यात सांगण्याएवढा जीव होता. मी विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं. ठाऊक असलेल्या माणसाला विचारायची गरज पडत नाही.

संक्रांतीच्या आत ती गेली. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. रानाच्या वरल्या अंगाला, बांधाशी ती आहे. त्या दिवसाचं मी आणखी लिहिणार नाही. ते माझं आहे.

पुढच्या पावसाळ्यात ते बी टाकलं. वाफ्यात तरू, म्हणजे रोप, उगवलं ते विरळ, त्यातलं निम्मं जमिनीलगत काळं पडून माना टाकून बसलं. उरलेलं लावलं. झाडं वाढली, लगडली. मला वाटलं, जमलं. मग दिवाळीत पाऊस आला, आठ दिवस हलला नाही, आणि फळ तांबडं व्हायला आणि कुजायला एकच गाठ पडली. पिकल्या फळावर खोलगट डाग. डागात काळ्या बारीक ठिपक्यांची वळणावर वळणं, सुईनं रांगोळी काढल्यासारखी. बोट लावलं की कातडं आत जायचं. फोडलं तर बी गंजल्या रंगाचं. शिवारात सगळ्यांचीच मिरची थोडीफार बिघडली, पण आमची गेली तशी कुणाची गेली नाही.

मुलगा गावात मोटारी भरायचं काम करतो, पंपाच्या जळलेल्या मोटारी. तो सायकलवरून उतरला, बांधावर उभा राहून त्यानं रान बघितलं आणि म्हणाला, "आप्पा, बास आता. पुढल्या साली पायपलाइन येतीया. ऊस लावू. मिरचीचं खूळ सोडा."

"खूळ न्हवं. तुझ्या आईचं बी हाय."

"आईचं बी हुतं. आता बगा की काय ऱ्हायलंय ते."

त्याचं काही चुकलं नव्हतं, म्हणूनच मला राग आला. त्यात शेजारचा, माझ्याच वयाचा, बांधावरून बोलला, "म्हातारीनं जाताना बी संगं न्हेलं बग तुझं."

हे त्यानं वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. माझं सांत्वनच करत होता. पण माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जी बाई माहेराहून बी घेऊन आली, जिनं ते एवढी वर्षं सांभाळलं, ती जाताना ते घेऊन जाईल? मी त्याला म्हटलं, "तिनं काय न्हेलं न्हाय. कुणी न्हेलं ते मी शोधून काडतो." कापडी पिशवीत कुजक्या, बऱ्या, सगळ्या मिरच्या भरल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडली. गाडीत पिशवी मांडीवर होती. कागलपर्यंत शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावून बसला आणि मग उठून उभा राहिला. तेवढी जागा ऐसपैस झाली.

कोल्हापुरात शेतकी शिकवतात तिथं गेलो. दारातल्या शिपायानं पिशवी बघितली. "पावणं, मिरचीचा सौदा हितं न्हाय हुत. मार्केटात जावा."

"सौद्याला न्हाय आलो. हिला काय झालंय ते इचाराय आलोय."

"अर्ज आणलाय?"

"मिरची आणलीया. अर्ज बगून तुमास्नी रोग कळतोय व्हय?"

त्याला हसू आलं. त्यानं एका खोलीकडं बोट दाखवलं. आत एक बाई होती, पांढरा कोट, वय माझ्या धाकट्या मुलीएवढं. तिनं पिशवी टेबलावर ओतायला लावली. मला वाटलं, नाक मुरडेल. तिनं एक कुजकी मिरची उचलून प्रकाशात धरली आणि पाहुणा आल्यासारखा तिचा चेहरा खुलला.

पत्तीनं तिनं डागाच्या कडेचा पापुद्रा काढला, काचेवर ठेवला, निळ्या औषधाचा थेंब टाकला आणि मला यंत्रात बघायला सांगितलं. मी बघितलं.

"काय दिसतंय काका?"

"केस."

"ती तुमची पापणी आहे. डोळा थोडा मागं घ्या."

मग दिसलं. मिरचीच्या कातडीची घरं, फरशी बसवल्यासारखी एकाला एक लागून. आणि त्या घरांमधून, भिंतींमधून गेलेले निळे धागे. दार नाही, खिडकी नाही, भोक पाडलेलं नाही, आणि धागा आत. मी बराच वेळ बघत राहिलो. म्हटलं, "मॅडम, हे आत आलं कुटनं? किडा पडला म्हंजे भोक दिसतं. हितं भोक न्हाय."

ती म्हणाली, "किड्याला दात असतात. बुरशीला दात नाहीत, तोंडही नाही. तिचं बी धुळीहून बारीक असतं. पावसाच्या थेंबाबरोबर उडून फळावर पडतं. ओल मिळाली की मोड येतो. मोडाच्या टोकाला गादीसारखी गाठ होते, ती फळाला घट्ट चिकटते आणि दाब देते. पण नुसत्या दाबानं भागत नाही. म्हणून ती पाचक रस सोडते. विकर म्हणतात त्याला, एन्झाइम. फळावर मेणचट थर असतो, त्याला विरघळवणारा रस वेगळा. दोन घरांच्या मधे जे चिकट लिंपण असतं, त्याला वेगळा. मग घराची भिंत, तिला आणखी वेगळा."

"येवढं सगळं एकदम वतती?"

"नाही. आधी थोडासा सोडते. भिंतीचे तुकडे सुटले, त्यांची चव लागली, की मग जास्त सोडते. आपण घास तोंडात घालून पचवतो. ती बाहेरच पचवते आणि झालेलं पाणी ओढून घेते."

हे मला लगेच कळलं. माझ्या सासूबाईंना, बायकोच्या अव्वाला, शेवटी एकही दात नव्हता. म्हातारी जोंधळ्याची भाकरी कुस्करून दुधात घालायची आणि वाटीवर ताट झाकून निवांत बसायची. कडक कडासुद्धा सुटून दुधात मिळायच्या, मग ती वाटी तोंडाला लावून ओढायची. दात असलेल्या आमच्याआधी तिचं जेवण व्हायचं. मी मॅडमना हे सांगितलं. म्हटलं, "म्हंजे बुरशी आमच्या सासूबाईंवानी जेवती. लाळच की ही, भाईर सोडलेली." ती मोठ्यानं हसली, आणि हसता हसता तिनं ते कागदावर लिहून घेतलं. पोरांना शिकवताना सांगणार म्हणाली.

मग मी अडकित्त्याचं सांगितलं. डाग कातरून टाकला, उरलेल्या फळाचं बी धरलं. तिनं हातातली पत्ती खाली ठेवली. कसं सांगावं याचा विचार करत असावी. मी म्हटलं, "सांगा सरळ. मला सोसंल."

"काका, डागाची कड दिसते तिथं बुरशी संपत नाही. डोळ्याला दिसायच्या आधी ती पुढं गेलेली असते. तुम्ही डाग कापलात तेव्हा ती पुष्कळदा बियापर्यंत पोचली असणार. तेच बी तुम्ही वाफ्यात टाकलंत."

म्हणजे बी कुणी नेलं ते कळलं. मी नेलं. मला वाटलं होतं, मी चोर शोधायला निघालोय. चोर पिशवी मांडीवर घेऊन एसटीतनं आला होता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण ती बी डागाळलेलीच धरायची की. जन्मभर मी बगितलंय."

"कोण?"

"माझी बायको."

मॅडमनी टेबलावरच्या ढिगात हात फिरवला. शोधून शोधून दोन मिरच्या काढल्या. दोन्हींवर टिपका. एकीच्या टिपक्यावर तिनं सुईचं टोक ठेवलं, दाबलं. सुई आत गेली, पाणी आलं. दुसरीवर ठेवलं. सुई गेली नाही. टिपका लहान, कोरडा, खपलीसारखा कडक.

"इथंही ती आली होती," मॅडम म्हणाली. "रस सोडला, भिंत फोडली. पण झाड गप्प बसत नाही. स्वतःच्या भिंतीचे तुकडे पडले की त्याला तेवढ्यावरून कळतं, कुणीतरी शिरतंय. मग त्या जागेच्या आजूबाजूची आपलीच घरं ते मारून टाकतं, भिंती जाड करतं, लाकडासारख्या. बुरशीच्या रसाला अडवणारं स्वतःचंही काहीतरी सोडतं. सगळ्या झाडांना हे सारखं जमत नाही. याला जमलं. हा टिपका म्हणजे ती जिथं अडली ती जागा."

मी तिच्या हातातून ती मिरची घेतली. का ते मला माहीत नव्हतं, पण माझा अंगठा आपोआप त्या टिपक्यावर गेला आणि मी नखानं दाबलं.

आणि मला ती दिसली. खळ्यावर बसलेली. मिरची उचलते, फिरवते, टिपक्यावर अंगठ्याचं नख टेकवते, दाबते. नख शिरलं तर ढिगात. नाही शिरलं तर बुट्टीत. उचलते, फिरवते, दाबते. बेचाळीस वर्षं हे माझ्या डोळ्यासमोर चाललं होतं. मला टिपका दिसला, नख दिसलं नाही. तांबडं झालेलं नखसुद्धा दिसलं नाही. ज्या झाडावर बुरशी येऊन हरली त्या झाडाचं बी ती धरत होती, आणि मी पारावर बसून पितळ-पितळ म्हणून लोकांना हसवत होतो.

मॅडमनी स्टूल पुढं केलं. मी बसलो. तिनं पाणी दिलं. मी म्हटलं, "हे असं बी धरलं तर चालतंय का?"

"एवढ्यावरून मी तुम्हाला लिहून देणार नाही. टिपका दुसऱ्या कारणानंही कडक असू शकतो, हवा कोरडी पडली तरी असू शकतो. पण त्या बाईंनी इतकी वर्षं हेच केलं असेल, तर मी त्यांना चूक म्हणायला धजणार नाही." मग म्हणाली, "त्यांना घेऊन या ना एकदा."

मी सांगितलं, गेली. मातीत आहे. आणि सांगितल्यावर जे विचारायचं नव्हतं तेही विचारून बसलो. "मॅडम, मातीतल्या मानसाला बी अशीच लाळ लागती का?"

तिनं उत्तर टाळलं नाही, यासाठी मी तिला अजून मानतो. म्हणाली, "हो काका. पण ती बुरशी निराळी. ती मेलेलंच खाते. पानं, लाकूड, सगळं. जिवंताच्या वाटेला जात नाही. ती नसती तर या जमिनीवर काही उगवलंच नसतं."

मला बरं वाटलं. कुणाला हे ऐकून शिसारी येईल, येऊ दे. मेलेलं मातीनं खावं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं भांडण जित्यावर चढून येतं त्याच्याशी आहे.

तिनं बियाला चोळायच्या औषधाची पुडी दिली, कसं चोळायचं ते दोनदा सांगितलं, आणि हात धुवायला विसरू नका म्हणाली. मी घरी आलो तो बदललेला आलो असं काही नाही. उलट जास्त हट्टी होऊन आलो. मुलाला म्हटलं, "ऊस लाव. तीन बाजूंनी लाव. वरल्या अंगाचं, तुझ्या आईच्या पायाकडचं अर्धा एकर मिरचीचं. त्यात पायपलाइनची नळी जरी आली तरी उपटून टाकीन."

"आन बी? बी कुटनं आणणार?"

इथं मी अडलो. कुजक्या मिरचीतलं बी उपयोगाचं नव्हतं. पिशवीतल्या कडक टिपक्याच्या मिरच्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. तेवढ्यात सून माळ्यावरून एक गाडगं घेऊन उतरली आणि माझ्यासमोर ठेवलं. तोंडावर फडकं, आत राख, राखेत बी. "आत्याबाईंनी शेवटचं ठेवलेलं. पेरून उरलेलं हाय. त्येनी सांगितलंतं, सगळं कवाच पेरायचं न्हाय, गाडग्यात ऱ्हाव द्यायचं."

मी तेव्हाही तिला विचारलं नाही, आणखी काय काय सांगितलंय म्हणून. गाडगं ओढून घेतलं, एवढंच.

बी जुनं झालं होतं. मिरचीचं बी फार वर्षं जीव धरत नाही. गावात कळलं तसे लोक गमतीनं विचारायचे, "काय, राख उगवली का?" मी औषध चोळलं, त्यात मला कमीपणा वाटला नाही. उंच वाफा केला, पाणी साचणार नाही असा. दहा दिवस काही नाही. बाराव्या दिवशीही नाही. मी रोज सकाळी जाऊन उकिडवा बसायचो आणि वर बांधाकडं बघायचं टाळायचो. मग एका सकाळी माती तडकलेली दिसली, आणि एक पोपटी आकडा. मग इथं एक, तिथं एक. टाकलं त्याच्या मानानं थोडंच उगवलं, पण उगवलं. शेजाऱ्याला मी बांधावर हाक मारून बोलावलं आणि बोट दाखवलं. "बग. संगं न्हेलंतं न्हवं तिनं?" त्यानं तंबाखूची चिमूट पुढं केली. मी घेतली.

त्या साली दिवाळीत पुन्हा पाऊस आला, थोडा कमी. बुरशीही आली. काही फळं कुजली, ती मी झाडासकट उपटून लांब नेऊन जाळली. बरीच वाचली. दुसऱ्या तोड्याची मिरची खळ्यावर पडली तसा मी बुट्टी घेऊन बसलो, तिच्याच जागेवर. एक मिरची उचलली, फिरवली, टिपका सापडला, नखानं दाबला. आणि कळेना. माझं नख जन्मभर विळ्या-कुदळीनं ठेचलेलं, जाड, मधे चिरलेलं. त्याला मऊही लागेना, कडकही लागेना. दाबून बघतो, पुन्हा दाबतो. डोळ्याला हात लागला, आग झाली, पाणी यायला लागलं. तसाच बसून एक मोठी, लांबलचक, देखणी मिरची बुट्टीत टाकली.

सून धुणं वाळत घालत होती. ती आली, बुट्टीतली ती मिरची उचलली, अंगठ्याचं नख टेकवलं आणि ढिगाकडं फेकली. "मऊ हाय."

"तुला कसं कळलं?"

"आत्याबाईंनी शिकिवलंतं की. आजारी पडायच्या आदी दोन सालं माझ्याकडनंच धरून घेत हुत्या बी. तुमी बाजारात असायचासा." मग पदराला हात पुसत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमी अडकित्ता घिऊन बसलासा तवा मी सांगाय आलते. तुमी काय म्हनालासा ते आटवतंय का?"

आठवत होतं. शब्दाशब्दानं आठवत होतं. कोल्हापूरपर्यंत कुजकी पिशवी घेऊन गेलो, यंत्रात डोळा घातला, आणि जे हवं होतं ते माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी होतं. ते मी हाकलून लावलं होतं. कोल्हापूरला गेल्याचा पस्तावा नाही. नख का दाबायचं ते तिथं कळलं. पण कुणाचं नख, ते घरात कळलं.

मी बुट्टी तिच्याकडं सरकवली आणि उठून बाजूला बसलो. सरळ माफी मागायची रीत मला कधी जमली नाही, आताही जमली नाही. म्हटलं, "धर तू. मी बुट्टी धरतो."

मुलगा संध्याकाळी आला. पायपलाइनची खोदाई कुठून न्यायची ते त्यानं सुरू केलं आणि वरल्या अंगाकडं हात केला. मी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "तिकडनं न्हाय. ते अर्धा एकर मिरचीचं हाय." एवढंच, आणि ती मिरची दाबत राहिली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. नळी खालून गेली.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तीन बाजूंना ऊस आहे, मधे आमचा मिरचीचा तुकडा. ज्याला हसायचं तो हसतो. बियाच्या दुकानदारानं एकदा गाठलं, म्हणाला, "आजा, कशाला जुनं धरून बसलायसा, पाकीट घिऊन जावा." मी म्हटलं, "तुझ्या पाकिटाला नख हाय का?" त्याला काही कळलं नाही, आणि मी कळवायला थांबलो नाही.

दरवर्षी दुसऱ्या तोड्याला सून खळ्यावर बसते. तिचं नख आता पिवळट-तांबडं झालंय, सणालाही निघत नाही. मी समोर बुट्टी धरून बसतो. कधीतरी राहवत नाही, एखादी मिरची उचलून मी म्हणतो, ही चांगली दिसतीया की. हातकणंगल्याच्या पोरीला कानडी येत नाही. पण तिच्या सासूनं माझ्यासाठी जे दोन शब्द राखून ठेवले होते ते तिनं ऐकून ऐकून उचललेत, आणि उच्चार साफ चुकवून ती मला तेच म्हणते.

मी गप बसतो. तेवढ्या एका जागी बसतो.